दाट वस्तीतले वाय-फाय : भिवंडीतील छोट्या घरासाठी राउटरची निवड

भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे २६ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेत या क्षेत्रात सात लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदवली गेली. म्हणजे एका चौरस किलोमीटरमागे सरासरी सत्तावीस हजारांच्या आसपास माणसे राहतात. आणि ही सरासरी यंत्रमागांचे कारखाने, रस्ते व वऱ्हाळा तलावाचे पाणी धरून काढलेली असल्यामुळे कामतघर, पद्मानगर, शांतीनगर, गैबीनगर किंवा नारपोलीच्या निवासी गल्ल्यांतील प्रत्यक्ष दाटी तिच्याहून बरीच अधिक आहे. या गल्ल्यांतील नेहमीचे घर म्हणजे वन रूम किचन किंवा फार तर वन बीएचके. एका मजल्यावर चार-सहा बिऱ्हाडे, समोरच्या इमारतीची खिडकी काही हातांच्या अंतरावर, आणि अलीकडे जवळजवळ प्रत्येक बिऱ्हाडात रात्रंदिवस चालू असलेले एक वाय-फाय. अशा घरासाठी राउटर घेताना दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न मात्र बहुधा ‘रेंज किती?’ हा असतो, आणि विक्रेताही चार किंवा सहा अँटेनांचा खोका पुढे करतो. तीन-साडेतीनशे चौरस फुटांच्या घरात लहर पोहोचवणे ही मुळात अडचण नाही, कारण स्वस्तातला राउटरही तेवढे अंतर सहज कापतो. खरी अडचण आहे ती शेजारच्या पंचवीस-तीस घरांतून येणाऱ्या लहरींच्या गर्दीत स्वतःच्या घराला बोलण्याची संधी मिळवून देण्याची. राउटरची निवड या एका गोष्टीभोवती केली, तर खर्चही कमी होतो आणि वेगही मिळतो.

घरात येणाऱ्या इंटरनेटचे दोन टप्पे वेगळे ओळखले पाहिजेत, कारण एका टप्प्याचा दोष दुसऱ्यावर ढकलून राउटर बदलले जातात आणि तक्रार तशीच राहते. पहिला टप्पा केबलवाल्याच्या किंवा कंपनीच्या कार्यालयापासून घराच्या दारापर्यंतचा. हल्ली तो बहुतेक ठिकाणी ऑप्टिकल फायबरचा, म्हणजे केसासारख्या बारीक काचतंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने माहिती नेण्याचा असतो. या तंतूच्या घराकडील टोकाला जी छोटी पेटी लावलेली असते तिला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात आणि प्रकाशाचे रूपांतर विद्युत संदेशात करणे हे तिचे काम असते. शहरांत रूढ असलेल्या जीपॉन पद्धतीत एका तंतूवर खालच्या दिशेने सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट एवढी क्षमता असते आणि ती विजेवर न चालणाऱ्या विभाजकाच्या मदतीने ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. दुसरा टप्पा घरातला. ओएनटीपासून राउटर आणि राउटरपासून मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप असा हा प्रवास असतो आणि त्याचा शेवटचा भाग हवेतून, रेडिओ लहरींवर होतो. घरातील वेगवेगळ्या उपकरणांत एकच इंटरनेट जोडणी वाटून देणारे आणि कोणाचा संदेश कोणाकडे जायचा हे ठरवणारे यंत्र म्हणजे राउटर. अनेक कंपन्या ओएनटी, राउटर आणि वाय-फाय ही तिन्ही कामे एकाच पेटीत बसवून देतात, म्हणून या तिन्हींतील फरक ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही.

हवेतील गर्दी कशी होते हे समजण्यासाठी बँड आणि चॅनेल हे दोन शब्द पुरतात. रेडिओ लहरींच्या वारंवारतेचा जो पट्टा एखाद्या कामासाठी राखलेला असतो तो बँड, आणि त्या पट्ट्याचे जे छोटे तुकडे प्रत्यक्ष वापरले जातात ते चॅनेल. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि घरगुती वाय-फायचा मार्ग मोकळा झाला. पण हा पट्टा अवघा ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे. त्यावर तेरा चॅनेलांचे क्रमांक दिसत असले तरी प्रत्येक चॅनेल किमान २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो आणि लगतच्या दोन क्रमांकांत अंतर केवळ ५ मेगाहर्ट्झचे असते, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनेल प्रत्यक्षात तीनच उरतात : १, ६ आणि ११. ब्लूटूथ याच पट्ट्यात चालते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवर अन्न तापवतो. पद्मानगरातील एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मोबाइलमध्ये वाय-फायची यादी उघडली की जी तीस-चाळीस नावे दिसतात, त्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झवरची सगळी या तीन चॅनेलांत दाटीवाटीने बसलेली असतात.

एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. यंत्रमागावर ताण्याच्या धाग्यांमधून एका वेळी एकच धोटा धावतो आणि तो पलीकडे पोहोचल्याखेरीज पुढची फेरी सुरू होत नाही, तसाच हा व्यवहार आहे. वाय-फायचे प्रत्येक यंत्र बोलण्यापूर्वी कानोसा घेते, दुसरे कोणी बोलत असल्यास थांबते, आणि चॅनेल मोकळे झाल्यावर थोडा यादृच्छिक वेळ जाऊ देऊन मग संदेश पाठवते. शेजाऱ्याचा पासवर्ड वेगळा आहे, त्याची कंपनी वेगळी आहे, याला येथे काही अर्थ नाही. चॅनेल एक असेल आणि लहर ऐकू येत असेल, तर शेजाऱ्याचे यंत्र बोलत असताना या घरातील यंत्राला थांबावेच लागते.

शेजारी काही पाहत नसला, त्याचे सर्व मोबाइल बंद असले, तरीही ही अडवणूक पूर्णपणे थांबत नाही. प्रत्येक राउटर आपले नाव आणि आपली माहिती सेकंदाला साधारण दहा वेळा पुकारतो. या पुकाऱ्याला बीकन म्हणतात, आणि त्यामुळेच मोबाइलच्या यादीत नावे दिसतात. जुन्या उपकरणांनाही तो ऐकू जावा म्हणून २.४ गिगाहर्ट्झवरील अनेक राउटर हा पुकारा आजही सर्वांत मंद गतीने, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट या १९९७ सालच्या मूळ मानकातील गतीने करतात. पुकारा ३०० बाइटांचा, म्हणजे २,४०० बिटांचा धरला, तर त्याला सुमारे अडीच मिलिसेकंद लागतात. सेकंदाला दहा वेळा म्हणजे पंचवीस मिलिसेकंद. हा आकडा किरकोळ वाटतो, पण एकाच चॅनेलवर वीस राउटर असतील तर नुसत्या नावांच्या पुकाऱ्यात अर्धा सेकंद खर्ची पडतो. कोणीही काहीही पाहत नसताना चॅनेलचा निम्मा वेळ असा संपतो, उरलेल्या निम्म्यात वीस घरांनी आपापले व्हिडिओ आणि व्हिडिओ कॉल बसवायचे असतात. संध्याकाळी सातनंतर नेट मंदावते या सार्वत्रिक तक्रारीचे कारण काही वेळा कंपनीच्या वाहिनीत असते, पण दाट वस्तीत ते अनेकदा या पुकाऱ्यांत आणि रांगेत असते, आणि कंपनीचा माणूस कितीही वेळा येऊन गेला तरी ते त्याच्या हातात नसते.

यावरचा उपाय ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा परवानामुक्त केली, म्हणजे २.४ च्या तुलनेत सातपटींहून अधिक. २० मेगाहर्ट्झचा एक धरला तर पंचवीसच्या आसपास चॅनेल येथे बसतात, आणि चार-चार चॅनेल जोडून ८० मेगाहर्ट्झचा रुंद मार्ग केला तरी असे पाच-सहा मार्ग मिळतात. शिवाय या पट्ट्यात सर्वांत जुनी, एक मेगाबिटची गती अस्तित्वातच नाही, त्यामुळे बीकनचा पुकारा फार थोड्या वेळात उरकतो.

५ गिगाहर्ट्झबद्दल सर्वत्र सांगितला जाणारा दोष असा की त्याची लहर दूर जात नाही आणि भिंतीत अडते. हे खरे आहे. सारख्या अँटेना धरल्या तर मोकळ्या जागेत तेवढ्याच अंतरावर ५.५ गिगाहर्ट्झच्या लहरीची मिळणारी शक्ती २.४ च्या सुमारे एक पंचमांश असते, आणि वीट, काँक्रीट व त्यांतील ओलावा या लहरींना अधिक शोषतात. बंगल्यात किंवा गावाकडच्या ऐसपैस वाड्यात हा दोष मोठाच. पण भिवंडीतील चार भिंतींच्या घरात तोच गुण ठरतो, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. स्वतःच्या घरात ओलांडायची भिंत एक, फार तर दोन. शेजाऱ्याची लहर मात्र बाहेरची नऊ इंची भिंत, मधला जिना, वरची सळयांनी विणलेली स्लॅब असे सगळे ओलांडून यावी लागते आणि तोवर ती इतकी क्षीण होते की या घरातील यंत्राला तिच्यासाठी थांबावे लागत नाही. २.४ वर घराच्या भिंती जणू नसतातच, तीन मजले आणि समोरची इमारत सगळे एका खोलीत बसल्यासारखे होते. ५ वर भिंत आपले काम करते आणि प्रत्येक घराला स्वतःची हवा मिळते. जाहिरातीत ‘भिंती भेदणारा’ म्हणून विकला जाणारा राउटर दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या अडचणीत भर घालतो आणि ते सगळे तसेच घेऊ लागले की तीच भर स्वतःच्या घरी परत येते.

म्हणून निवडीची पहिली अट अशी की राउटर ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही पट्ट्यांवर चालणारा असला पाहिजे. बाजारात अजूनही ‘३०० एमबीपीएस’ असे लिहिलेले एकाच पट्ट्याचे राउटर हजार रुपयांच्या आसपास मिळतात आणि १०० मेगाबिटच्या प्लॅनला ३०० पुरेसेच होतील असा हिशेब ग्राहक करतो. हा हिशेब फसवा आहे. ३०० हा आकडा ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल मिळाल्यास येणाऱ्या सैद्धांतिक गतीचा आहे, ८३.५ मेगाहर्ट्झच्या गजबजलेल्या पट्ट्यात एवढी रुंद जागा मोकळी मिळणे जवळजवळ अशक्य, त्यामुळे राउटर २० मेगाहर्ट्झवर उतरतो, तेथे सैद्धांतिक गती १४४ राहते, रांगेत थांबणे आणि पोचपावत्या यांत तिच्यातील निम्मा भाग जातो, आणि उरलेले वीस घरांत वाटले जाते.

खोक्यावरचे आकडे वाचण्याची एक पद्धत आहे. ‘एसी १२००’ या नावातील १२०० म्हणजे २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची वर ओढलेली बेरीज. ‘एएक्स १५००’ म्हणजे ३०० अधिक १२०१. ‘एएक्स ३०००’ म्हणजे ५७४ अधिक २४०२. एक मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडलेला असतो, म्हणून ही बेरीज त्याला सहसा मिळत नाही. बहुतेक मोबाइलांत दोन अँटेनाच असतात. त्यामुळे ८० मेगाहर्ट्झवर त्यांची कमाल जोडणी-गती वाय-फाय ५ (एसी) या पिढीत ८६७ आणि वाय-फाय ६ (एएक्स) मध्ये १२०१ मेगाबिट, आणि प्रत्यक्ष हाती येणारा वेग त्याच्या साधारण दोनतृतीयांशापर्यंत. चार किंवा सहा अँटेनांचा राउटर घेतला म्हणून दोन अँटेनांचा मोबाइल अधिक वेगाने चालत नाही. येथेच मेगाबिट आणि मेगाबाइट यांतील फरकही सांगितला पाहिजे : आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटच्या प्लॅनवर फाइल उतरताना सेकंदाला साडेबारा मेगाबाइट हा पूर्ण वेग आहे, त्यात फसवणूक काही नाही.

खोक्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, जो तपशील असतो तो पुढच्या मोठ्या आकड्यांहून महत्त्वाचा आहे : पोर्टची गती. पोर्ट म्हणजे केबल खुपसायची खाच. ओएनटीकडून येणारी केबल ज्या पोर्टात जाते त्याला वॅन पोर्ट म्हणतात, आणि स्वस्त राउटरांत तो १०० मेगाबिटचाच असतो. टीपी-लिंकचा लोकप्रिय आर्चर सी-५० हे याचे चांगले उदाहरण : हवेत ८६७ मेगाबिटची जोडणी देणारा हा राउटर, पण त्याचे पाचही पोर्ट १० किंवा १०० मेगाबिटचे, म्हणून २०० किंवा ३०० चा प्लॅन घेतला तरी या यंत्रातून ९४-९५ च्या वर वेग येत नाही. १०० चा किंवा त्याहून लहान प्लॅन असेल तर हा राउटर अगदी योग्य आहे. मोठ्या प्लॅनवर मात्र दरमहा दिलेला जास्तीचा पैसा त्या एका खाचेत अडतो. त्याच कंपनीच्या आर्चर सी-६ चे पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे १,००० मेगाबिटचे आहेत. केबलचेही तसेच : जोडणाऱ्या माणसाने आठपैकी चारच तारा चेपून कनेक्टर बसवला असेल किंवा एखादी तार तुटली असेल, तर गिगाबिटचा पोर्टही मुकाट्याने १०० वर उतरतो. कॅट ५-ई किंवा कॅट ६ असे छापलेली, आठही तारा नीट चेपलेली केबल घ्यावी. राउटर बदलण्याच्या विचारात असलेल्या अनेक घरांचे काम या शे-दोनशे रुपयांत होऊ शकते.

वाय-फायच्या पिढ्यांना ४, ५, ६ असे सोपे क्रमांक वाय-फाय अलायन्स या उद्योगसंघाने २०१८ मध्ये दिले. त्याआधी ८०२.११ एन, एसी, एएक्स ही मानकांची नावेच खोक्यावर असत आणि आजही अनेक खोक्यांवर दोन्ही लिहिलेली असतात. वाय-फाय ६ चा दाट वस्तीसाठी उपयोग केवळ अधिक वेगापुरता नाही. त्यात ओएफडीएमए नावाची पद्धत आहे, जिच्यामुळे राउटर एकाच संदेशफेरीत चॅनेलचे बारीक भाग पाडून घरातील अनेक उपकरणांचे छोटे संदेश एकत्र नेऊ शकतो, आणि शेजाऱ्याची क्षीण लहर ओळखून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सोयही या मानकात आहे. हे लाभ पुरते मिळण्यासाठी मोबाइलही वाय-फाय ६ चा असावा लागतो. घरात चार-पाच वर्षांपूर्वीचे स्वस्त मोबाइल असतील तर वाय-फाय ५ चा, गिगाबिट पोर्टांचा ड्युअल बँड राउटर पुरतो. नव्याने खरेदी होत असेल आणि दोनेक हजारांवर थोडी भर शक्य असेल तर एएक्स १५०० वर्गातला घ्यावा. त्याहून मोठ्या वर्गातले राउटर या आकाराच्या घरात, या वेगाच्या प्लॅनवर, घेण्याचे काही कारण नाही. साध्या एचडी चित्रपटाला सेकंदाला ५ मेगाबिट लागतात आणि फोर-के चित्रपटाला १५ ते २५. चौघे एकाच वेळी पाहत असले तरी १०० मेगाबिटची मर्यादा ओलांडली जात नाही. तसेच मेश, म्हणजे घरभर दोन-तीन यंत्रे ठेवून त्यांचे एक जाळे करणे, हे मोठ्या घरांसाठी आहे. वन बीएचकेमध्ये जास्तीची यंत्रे म्हणजे त्याच हवेत जास्तीचे बोलणारे.

राउटर घरी आल्यानंतर तो कोठे ठेवला जातो यावर निम्मे यश अवलंबून असते, आणि येथे बहुतेक घरांत चूक एकाच रीतीने होते. फायबर मुख्य दाराच्या वरून भोक पाडून आत येते, कंपनीचा माणूस तेथेच, दाराशेजारी, स्विचबोर्डाजवळ पेटी ठोकतो आणि निघून जातो. दिवाणखान्याच्या एका टोकाला, टीव्हीच्या मागे किंवा शोकेसच्या आत बसलेल्या या पेटीची निम्मी लहर जिन्यात जाते. उरलेली घरात शिरते ती टीव्हीच्या धातूच्या पाठीवर आदळून. मधल्या भिंतीला लागून लोखंडी कपाट असेल, आणि भिवंडीच्या घरात ते बहुधा असतेच, तर त्याच्या मागची खोली सावलीत जाते, कारण धातू लहर आत घेत नाही, परतवून लावतो. आरशाच्या पाठीवरचा धातूचा थरही हेच करतो. फ्रिजही तसाच. स्वयंपाकघराच्या माळ्यावर पाण्याची टाकी असेल तर ती लहर शोषते. पावसाळ्यात ओल धरलेली भिंतही कोरड्या भिंतीपेक्षा अधिक शोषते.

उपाय साधा आहे. ओएनटी दारापाशीच राहू द्यावा, त्यापासून पाच-सात मीटरची केबल छताच्या कडेने नेऊन राउटर दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला, उघड्यावर बसवावा, आणि लोखंडी कपाट त्याच्या व झोपण्याच्या जागेच्या मध्ये येणार नाही असे पाहावे. फायबरचा तंतू स्वतः लांबवायचा असल्यास तो काटकोनात मोडू नये. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर गळतो आणि ओएनटीवर ‘लॉस’चा लाल दिवा लागतो. अँटेना उभ्या ठेवाव्यात, कारण उभ्या अँटेनेची लहर आडवी, म्हणजे त्याच मजल्यावर पसरते. ती आडवी केली की लहर वरच्या व खालच्या बिऱ्हाडाकडे जाऊ लागते. लहरीची ताकद डीबीएम या मोजमापात दाखवतात आणि ती उणे आकड्यांत येते : उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत, उणे ८० म्हणजे तुटक. दर तीन आकड्यांना ताकद निम्मी होते. अँड्रॉइडवर हे आकडे आणि आसपासचे चॅनेल दाखवणारी फुकट ॲप मिळतात. राउटर कायमचा ठोकण्यापूर्वी तो हातात धरून दोन-तीन जागी तपासला तर भोके वाया जात नाहीत.

राउटरच्या आतील रचनेत दोन बदल करावेत. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असते ते तोडून वेगळी नावे द्यावीत, म्हणजे मोबाइल आणि टीव्ही ५ वरच जोडता येतात आणि सीसीटीव्ही कॅमेरा, स्मार्ट बल्ब यांसारखी केवळ २.४ वर चालणारी उपकरणे तेवढी तेथे राहतात. टीव्ही राउटरजवळ असेल तर त्याला केबलच लावावी, हवेतील एक मोठा ग्राहक कमी होतो. दुसरे, ५ वरचा चॅनेल पाहावा. अनेक राउटर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ या दोनच रुंद मार्गांवर बसतात, कारण मधले चॅनेल वापरण्यापूर्वी तेथे हवामान रडारची लहर नाही ना हे मिनिटभर ऐकून खात्री करावी लागते. ही काळजी कागदी नाही : हवामान विभागाचे मुंबईतील वेरावली येथील डॉप्लर रडार ५ गिगाहर्ट्झच्याच आसपासच्या सी-बँडवर काम करते. ज्या राउटरला हे मधले चॅनेल वापरता येतात त्याला दाट वस्तीत मोकळी जागा मिळण्याची शक्यता जास्त असते, मग सुरू होताना मिनिटभर उशीर झाला तरी चालतो. बाकी पासवर्ड कारखान्यातून आलेला न ठेवणे, सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए २ किंवा ३ ही पद्धत निवडणे आणि बटण दाबून जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएसची सोय बंद करणे एवढे पुरेसे आहे.

भिवंडीत आणखी एक शंका वारंवार ऐकू येते : खालच्या किंवा शेजारच्या कारखान्यातील यंत्रमागांमुळे वाय-फाय बिघडते काय? यंत्रमागाची मोटर सहसा थ्री-फेज इंडक्शन प्रकारची असते. तिच्यात ठिणग्या पाडणारे ब्रश नसतात आणि ती ५० हर्ट्झच्या विजेवर चालते. वाय-फायची लहर सेकंदाला २४० कोटी वेळांहून अधिक कंप पावते, त्यामुळे मागाची मोटर तिच्यात थेट ढवळाढवळ करत नाही. मागांचे ओतीव लोखंड आणि शेडचे पत्रे लहर अडवतात, पण ते आपल्या घराच्या मध्ये नसतील तर शेजाऱ्याच्या गर्दीला आडोसाच होतो. त्रास होतो तो दुसऱ्या दोन वाटांनी. कापसाचे तूस हवेत तरंगते, राउटरच्या खालच्या जाळीत साचते, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि एप्रिल-मेमध्ये यंत्र मंदावते किंवा आपोआप बंद-चालू होऊ लागते. भिंतीवर, जाळी मोकळी राहील असा लावलेला आणि महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने झाडलेला राउटर यातून वाचतो. जाळी मोठी असलेला, अंगाने पसरट राउटर येथे लहान, देखण्या, बंद डबीसारख्या राउटरपेक्षा चांगला. दुसरी वाट विजेची. शहराचे वीजवितरण महावितरणने २६ जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी पद्धतीने दिले. देशातील हा अशा प्रकारचा पहिला मोठा प्रयोग होता आणि पूर्वीच्या तासन्‌तासांच्या भारनियमनाच्या तुलनेत स्थिती पालटली. तरीही अधूनमधून वीज जाते आणि घरात मूल ऑनलाइन परीक्षा देत असेल तर दहा मिनिटेही महाग पडतात. राउटर आणि ओएनटी दोन्ही बहुधा १२ व्होल्टवर चालतात आणि मिळून वीस वॅटही खात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस पुरतो; मात्र तो दोन्हींना जोडला पाहिजे, नाहीतर वाय-फाय चालू आणि इंटरनेट बंद अशी अवस्था होते. मधल्या मार्गावरील विभाजक विजेवर चालत नसल्याने, केबलवाल्याच्या कार्यालयात वीज असेल तर अंधारातही जोडणी टिकते.

कंपनीने दिलेल्या पेटीतच वाय-फाय असताना वेगळा राउटर घ्यावा काय, याचे उत्तर त्या पेटीवर अवलंबून आहे. ती ड्युअल बँड असेल आणि हलवता येत असेल तर आधी तिचीच जागा बदलून पाहावी. ती केवळ २.४ ची असेल तर वेगळा राउटर अवश्य घ्यावा, पण मग जुन्या पेटीचे वाय-फाय बंद करून घ्यावे, अन्यथा एकाच घरातून दोन पुकारे सुरू राहतात. नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे केवळ वाय-फाय पसरवण्यापुरता चालवणे सर्वांत सोपे. कंपनीकडून पीपीपीओई जोडणीचे वापरकर्तानाव व पासवर्ड मिळाले आणि पेटी ब्रिज मोडवर, म्हणजे केवळ संदेश पुढे देण्यापुरती, घालून मिळाली तर राउटरलाच सर्व कारभार देता येतो. फायबर न पोहोचलेल्या गल्लीत २०२३ पासून मिळू लागलेल्या एअर फायबर सेवा, म्हणजे गच्चीवर अँटेना बसवून ५जी लहरीने येणारे इंटरनेट, हा पर्याय आहे. घरातील राउटरचे नियम तेथेही हेच.

वाय-फाय ६-ई आणि ७ मध्ये ६ गिगाहर्ट्झचा तिसरा पट्टाही वापरता येतो. भारतात त्यातील ५,९२५ ते ६,४२५ मेगाहर्ट्झ हा भाग घरातील कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भिंतींचा जो लाभ ५ वर मिळतो तो या पट्ट्यावर अधिकच मिळेल, आणि जुनी उपकरणे तेथे येऊच शकत नसल्याने गर्दीही कमी असेल. परंतु ६ गिगाहर्ट्झ जाणणारे मोबाइल आज महाग आहेत, त्यामुळे त्या एका कारणासाठी खरेदी लांबवावी किंवा तिप्पट पैसे मोजावेत अशी स्थिती नाही.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक चाचणी मात्र प्रत्येक घरात करण्याजोगी आहे. रात्री नऊच्या सुमारास, गर्दीच्या वेळी, लॅपटॉप ओएनटीला केबलने थेट जोडून वेग मोजावा. लॅपटॉप नसेल तर शेजाऱ्याचा मागून आणावा. येथेच प्लॅनच्या वेगाहून फार कमी आकडा आला, तर दोष पहिल्या टप्प्यात आहे आणि कोणताही राउटर तो दूर करू शकत नाही. केबलवाल्याला बोलावून घरी येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजायला सांगावी, ती उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली गेली असेल तर जोड किंवा तंतू बदलावा लागतो. केबलवर वेग पूर्ण मिळाला, तर मोबाइलने राउटरसमोर उभे राहून आधी ५ वर आणि मग २.४ वर मोजावे. ५ वर पूर्ण आणि २.४ वर दहा-पंधरा मेगाबिट असा निकाल दिसला, तर घरातली उपकरणे ५ वर हलवली की काम होते, नवे यंत्र लागत नाही. पेटीला ५ गिगाहर्ट्झ नसेल, किंवा तो असूनही मागच्या खोलीत उणे ७५ च्या खाली जात असेल आणि जागा बदलूनही सुधारत नसेल, तेव्हाच दुकानाची पायरी चढावी, आणि तेथे खोका उलटा करून मागची बारीक अक्षरे आधी वाचावीत.